पुस्तक मिटल्यावर

डिसेंबर सरत आला की आमच्या घाटाखालच्या दवाखान्यात रुग्णांचा एक निराळा वर्ग दिसू लागतो. सर्दी-खोकल्याच्या रांगेतच सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली आईच्या शेजारी बसलेली असतात. तक्रारी ठरलेल्या असतात: डोके दुखते, आम्लपित्त होते, छातीत धडधडते, भूक लागत नाही. त्यांच्या मांडीवरच्या दप्तराकडे पाहिले की निम्मे निदान तेथेच होते. अलीकडे बारावीची लेखी परीक्षा बरीच अलीकडे आली आहे. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे संक्रांतीपर्यंत हातात उरतात ते जेमतेम चार-पाच आठवडे, आणि या आठवड्यांत मुलांच्या प्रकृतीची जी हेळसांड होते तिचे मूळ पुष्कळदा उजळणी करण्याच्या पद्धतीत असते. म्हणून या पंधरवड्यात सदराचा विषय थोडा आडवळणाचा घेतला आहे. बारावीच्या भौतिकशास्त्राची उजळणी कशी करावी, हा प्रश्न आरोग्याच्या पाक्षिकात यावा याचे काहींना नवल वाटेल; पण तो माझ्याकडे रुग्ण होऊनच आला.

नांदुरा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मुलगी आईबरोबर आली होती. आईचे म्हणणे असे : "डॉक्टरसाहेब, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते, अन् सकाळी इचारलं तर काहीच आठवत नाही म्हणते. डोक्याची एखादी गोळी असंल तर द्या." घरी कापूस आणि सोयाबीनची पाच एकर कोरडवाहू शेती. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गुण चांगले, म्हणून अकरावीला विज्ञान शाखा घेतलेली. वर्गातल्या काही मैत्रिणी अकोल्याला क्लासला गेल्या. हिच्या घरी ते परवडण्यासारखे नव्हते. ही गोष्ट आईने दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा मुलीने मान खाली घातली.

तिच्या पिशवीत भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते. मी ते चाळले. पहिल्या प्रकरणाची एकही ओळ अशी नव्हती की जिच्यावर पिवळा, गुलाबी किंवा हिरवा रंग चढलेला नाही. इतके रंगवल्यावर महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय, हे पुस्तकालाही सांगता आले नसते. मी तिला रस्त्याच्या बँकिंगविषयी विचारले. तिने इंग्रजीतली व्याख्या अडखळल्याशिवाय, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. मग मी पुस्तक मिटले आणि म्हटले, "पोरी, तू बुलढाण्याला जाताना राजूर घाटातून एसटीने गेली आहेस ना? समज, वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने उचललेला आहे. एक एसटी रिकामी आहे, दुसरी जत्रेच्या माणसांनी गच्च भरलेली. घर्षण सोडून दे. त्या वळणावरचा सर्वांत सुरक्षित वेग दोघींचा सारखा असेल की वेगळा?"

ती बराच वेळ गप्प बसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "सर, हे मी सात वेळा वाचलंय," ती म्हणाली.

ती खरेच बोलत होती. मला त्याची शंका नाही. अडचण त्या सात वेळांमध्येच होती. एखादी गोष्ट समोर आल्यावर ओळखणे आणि ती समोर नसताना आठवणे, या मनाच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एसटीच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिलेला रस्ता आपल्याला पूर्ण माहीत आहे असे वाटते. पण एखाद्या दिवशी स्वतः गाडी हाकण्याची वेळ आली की दुसऱ्याच फाट्यावर पंचाईत होते. पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा वाचणारा विद्यार्थी खिडकीपाशी बसलेला असतो. सातव्या वाचनात वाक्ये सरावाची होतात, डोळे भराभर पुढे सरकतात, आणि या सरावालाच मन 'मला येते' असे नाव देऊन मोकळे होते.

या भ्रमाचे मोजमाप झालेले आहे. २००६ साली रोडिगर आणि कारपिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर होते. आणखी एक गोष्ट मला या आकड्यांहून बोलकी वाटते. आपल्याला पुढे किती आठवेल, असे आधी विचारले असता सर्वाधिक आत्मविश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता.

तेव्हा त्या मुलीला मी पहिले औषध लिहून दिले ते असे. एक घटक एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे: आकृती, सूत्र, सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ, एकक. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेले भरायचे. हा लाल भाग हीच त्या घटकाची खरी उजळणी; बाकीचे आधीच येत होते. तोच घटक दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो आणि मग मंदावत जातो. थोडे विसरू लागल्यावर पुन्हा आठवायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टांनीच आठवण पक्की होते. पहिले आठ-दहा दिवस ही पद्धत मुलांना मुळीच आवडत नाही. कोरा कागद कोराच राहतो, आपण ढ आहोत असे वाटते, आणि रंगीत पुस्तकाकडे परत जावेसे वाटते. या दहा दिवसांत घरच्यांनी धीर दिला तर पुढचे सोपे होते.

एसटीच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. वेग सारखाच. उतरत्या रस्त्याने गाडीला दिलेल्या आधाराचा उभा भाग वजन तोलून धरतो आणि आडवा भाग गाडीला वळवतो. गाडी जड झाली की आधार वाढतो, आणि वळवण्यासाठी लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जाते. उरते ते एवढेच : वेगाचा वर्ग म्हणजे त्रिज्या, गुरुत्वत्वरण आणि उताराच्या कोनाचा टॅन यांचा गुणाकार. त्रिज्या ३० मीटर आणि टॅन ०.१ धरला तर वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर येतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आतच. टपावर सामान लादलेली गाडी चालक आणखी हळू का घेतो, असे एखादे चौकस मूल विचारेल. तो उलटण्याचा प्रश्न आहे. तेथे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे हे मोजावे लागते. असा फाटा ज्याला सुचला त्याची त्या प्रकरणाची उजळणी झाली, असे खुशाल समजावे.

आता भाषेविषयी. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावीला भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीत समोर येते. विषय अवघड, त्यात भाषा परकी. तेव्हा मूल समजण्याचा नाद सोडून वाक्ये पाठ करू लागते. यात आळस नाही, बुडत्याने हाताला लागेल ते धरावे तसे ते आहे. माझे एक स्नेही कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ते विद्यार्थ्यांना सांगत, प्रत्येक नियम आधी घरच्या बोलीत सांगा आणि मग इंग्रजीत लिहा. घरच्या बोलीत सांगता आला नाही तर इंग्रजीत लिहिलेला तुमचा नव्हे, पुस्तकाचा आहे. मला हा उपाय शंभर नंबरी वाटतो. शिवाय शेतकऱ्याच्या घरात भौतिकशास्त्राची उदाहरणे मागायला दूर जावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा कॅपॅसिटर उडाला हे वाक्य ज्या घरात दर हंगामात ऐकू येते, त्या घरातल्या मुलीला कॅपॅसिटर म्हणजे केवळ दोन समांतर रेघांची आकृती वाटावी, हे आपल्या शिकवण्याचेच अपयश म्हटले पाहिजे. घरातल्या विजेचे २३० व्होल्ट हे आरएमएस मूल्य. शिखरमूल्य काढायचे तर त्याला १.४१४ ने गुणावे, ते ३२५ व्होल्टच्या आसपास येते. ही दोन मूल्ये एकमेकांच्या जागी घालून गुण गमावणारी मुले दरवर्षी भेटतात.

गणितांचा सराव करताना आणखी एक फसगत होते. प्रकरणाच्या शेवटी दिलेली उदाहरणे ओळीने सोडवली की ती भराभर सुटतात, कारण कोणते सूत्र लावायचे हे प्रकरणाच्या नावानेच सांगून टाकलेले असते. परीक्षेत तसे सांगायला कोणी नसते. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. ज्यांनी एकेका प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवली त्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली. ज्यांना सगळे प्रकार मिसळून दिले त्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाला २० टक्के जमली आणि दुसऱ्याला ६३ टक्के. म्हणून जानेवारी लागला की प्रकरणवार सराव कमी करावा. आपल्या पुस्तकात सोळा प्रकरणे आहेत. एकेका चिठ्ठीवर एकेक उदाहरण लिहून सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात आणि रोज पाच-सहा काढाव्यात. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो 'हे कुठल्या प्रकरणातले' असा.

प्रश्नपत्रिकेची रचना पालकांनाही ठाऊक असलेली बरी, कारण मुलांची निम्मी भीती तिच्याविषयीच्या अज्ञानातून येते. लेखी परीक्षा ७० गुणांची, वेळ तीन तास. ३० गुण प्रात्यक्षिकाचे. पहिल्या विभागात बहुपर्यायी प्रश्नांचे १० आणि एका वाक्यात उत्तरांचे ८ गुण असतात, आणि तेथे पर्याय नसतो. पुढे दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि चार गुणांच्या ५ पैकी ३ सोडवायचे. म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. वर्षभर मोबाइलवर गुणाकार करणारी मुले परीक्षागृहात लॉग टेबल उघडतात तेव्हा अँटिलॉग कोणत्या पानावर आहे येथपासून सुरुवात होते. घरी सोडवायचे प्रत्येक उदाहरण आजपासून लॉग टेबलनेच सोडवावे. चुकांची एक वही मात्र जरूर असावी, आणि तिच्यात उत्तर काय होते याहून चूक कशी झाली हे लिहावे: सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत, वजाबाकी चुकली, प्रश्न अर्धाच वाचला, की मुळात कल्पनाच कळली नव्हती. पहिल्या तीन प्रकारच्या चुका वीस दिवसांत आटोक्यात येतात. चौथ्या प्रकारच्या चुकीसाठी शिक्षकांकडे जायला लाजू नये.

ज्यांना पुढे नीटही द्यायची आहे त्यांचा ताण वेगळा; तेथे १८० पैकी ४५ प्रश्न भौतिकशास्त्राचे आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. पण मिटलेल्या पुस्तकाची युक्ती तेथेही तीच आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता माझ्या अखत्यारीतल्या गोष्टी. दवाखाना सुरू केला त्या पहिल्या काही वर्षांत परीक्षेच्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की दोन महिने झोप थोडी कमी झाली तरी काही बिघडत नाही. तो सल्ला चुकीचा होता, आणि ज्यांना तो दिला त्यांची आता क्षमा मागता येत नाही म्हणून येथे लिहून ठेवतो. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ सालीच दोन विद्यार्थ्यांना निरर्थक शब्द पाठ करायला लावून पाहिले होते: पाठ केल्यावर आठ तास झोपले तर आठ तास जागे राहिल्यापेक्षा त्यांना कितीतरी अधिक शब्द आठवत. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असे सांगितले. आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत दहा तास कोणी झोपणार नाही हे मला कळते. पण साडेसात-आठच्या खाली जाऊ नये. रात्री दहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे तीनच्या सुमारासही अंगात असू शकते. त्यामुळे जागरणासाठी म्हणून घेतलेला चहा नंतर जी थोडी झोप मिळते तिचीही माती करतो. पहाटे उठणाऱ्यांनी उठावे, पण मग रात्री नऊ-साडेनऊला अंथरुणावर पडावे. पहाटे चारचा गजर आणि रात्री बारापर्यंत दिवा, हे दोन्ही एकाच घरात अभिमानाने सांगितले जाते तेव्हा मला त्या मुलाची कीव येते.

त्या मुलीची गोष्ट मात्र झोपेवर संपत नव्हती. तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ९.२ निघाले. या वयाच्या मुलीत ते १२ च्या खाली असू नये. जिना चढताना धाप लागणे, पुस्तक उघडले की अर्ध्या तासात डोके जड होणे, याला घरात सगळे 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणत होते आणि तीही तसेच मानत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या दर दोन मुलींमागे एकीपेक्षा अधिक. अभ्यासात लक्ष लागत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन आधी पाहावे, उपदेश मागाहून करावा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नयेत. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या तर लोह चांगले शोषले जाते. पाळीत रक्तस्राव अधिक होतो का हेही आईने विचारावे; वडिलांसमोर मुली ते सांगत नाहीत. जेवणात काही अवघड करायला नको. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथीची किंवा चवळीची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, जमेल तेव्हा अंडे. पेपरच्या दिवशी उपास धरू नये, मग तो कोणत्याही देवाचा असो.

घरच्यांसाठी एकच गोष्ट. 'किती वाचून झाले' असे विचारू नये, 'आज काय सांगतेस' असे विचारावे. ज्याला भौतिकशास्त्रातले ओ की ठो कळत नाही असा माणूस यासाठी उत्तम, कारण त्याला फसवता येत नाही.

आणि एक गंभीर सूचना. मूल सलग दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवण टाकत असेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा 'मी नसलो तरी चालेल' अशा अर्थाचे काही बोलून गेले, तर ते परीक्षेचे नाटक समजून सोडून देऊ नये. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीत बोलता येते. मूल बोलत नसेल तर आई-वडिलांनी स्वतः फोन करावा.

तीन आठवड्यांनी ती मुलगी तपासणीला आली तेव्हा बरोबर आजी होती. हिमोग्लोबिन एवढ्यात फार चढत नसते, ते दहाच्या जरा वर होते. पण दहा-साडेदहाला दिवा मालवते, असे आजीने सांगितले. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून नात काहीतरी सांगते आणि आजी विचारते, "मंग पुढं काय होते व पोरी?" आदल्या दिवशी राजूर घाटाची पाळी होती. आजीला सगळे पटले, एक सोडून. भरलेली गाडी वळणावर घ्यायची तर ड्रायव्हर आधी ब्रेक मारतो, हे तिने साठ वर्षे पाहिले आहे. मग पुस्तक दोघींचा वेग सारखा कसा म्हणते? मुलीने टपावरच्या सामानाचे सांगून पाहिले. "अन् सामान खाली ठेवलं त?" आजीने विचारले. त्याचे उत्तर मुलीला आले नव्हते, आणि तिने ते चुकांच्या वहीत लिहून आणले होते. मी घर्षण, ब्रेक आणि घाटाचा उतार यांविषयी काही सांगायला सुरुवात केली, पण बाहेर रांग वाढली होती, आणि खरे सांगायचे तर माझेही पुस्तक बरीच वर्षे मिटलेले आहे. दोघी माझ्या निवृत्त स्नेह्यांचा पत्ता घेऊन गेल्या.